पाठवणीची गाडी

गेवराई, १२ मार्च २०२५

चि. अंगदास परमेश्वरचा आशीर्वाद. राग आलेला हाय, पर थोरल्यानं आशीर्वाद आधी द्यावा आन् मग बोलावं अशी रीत हाय, म्हणून रीत पार पाडली.

कागद कावून लिवला म्हणशील. फोन केला की तू "दादा, दुकानात गिऱ्हाईक हाय, मागून लावतो" म्हणून कापतोस. कागद कापता येत न्हाई. फाडता येतो, पर फाडायच्या आधी माणूस वाचतंयच.

तू मोटार घेतलीस हे मला कुणी सांगावं? बीडच्या स्टँडवर मेंढरं घेऊन आलेल्या एका पाव्हण्यानं! "तुमच्या अंगदनं पांढरी कार आणली जनू, पेट्रोलची." मी म्हणलं, हां, मलाच इचारून घेतली. चारचौघात खोटं बोलावं लागलं बे मला. सख्खा न्हाई, चुलत असलो तरी भाऊ हाय का न्हाई मी तुझा? दुकानात खताची गोणी नवी आली तरी मला फोटो धाडतोस, आन् चार चाकं दारात उभी ऱ्हायली तर मुकाट!

आन् दुसरं ऐकलं ते तर काळजात घुसलं. धोंडीरामदादा म्हणतोय म्हणे की त्याच्या राजनंदिनीची पाठवणी या बारीला कारमधून. खरं हाय का? आपल्या भावकीतली कोणती पोर माझ्या जीपबिगर सासरी गेली ते सांग. तुझी बहीण बबिता गेली, कडूबाईची पोर गेली. तुझी दिपाली घरात आली तीबी माझ्याच जीपमधून, घाटात तिला मळमळलं तवा गाडी मीच थांबवलती. पोरी मला 'जीपकाका' म्हणत्यात. कारकाका कुणी म्हणत न्हाई.

पेट्रोलच्या गाडीचं मला सांगू नको. डिझेल म्हणजे भाकर, पेट्रोल म्हणजे बिस्कूट. बिस्कुटावर नांगर चालत न्हाई.

अंजू, तुझी वहिनी, म्हणती एवढं जळू नका, तब्येत बिघडंल. मी जळत न्हाई. मी फक्त इचारतोय.

परमेश्वर


घाटनांदूर, १८ मार्च

तीर्थरूप परमेश्वरदादांना अंगदचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, फाडलं नाही. दिपालीनं वाचलं आणि घाटातल्या मळमळीपर्यंत आली तेव्हा हसून हसून खाली बसली.

दादा, चुकलंच माझं. गाडी नवी नाही, परळीच्या एका मास्तरांची वापरलेली आहे. दारात टिकते का पाहू, मग सांगू, असं मनात होतं. नव्या गोष्टीला आधीच दृष्ट लागते. तुमची म्हणत नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

पाठवणीचं खरं आहे. धोंडीरामदादाच्या मनात नव्हतं, पण राजनंदिनीचे सासरचे परळीचे, त्यांच्याकडून निरोप आला की नवरीला उन्हात उघड्या जीपमधून आणू नका, एसी गाडी असली तर बरं. आता पोरीच्या बापानं काय म्हणायचं? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमची जीप वऱ्हाडाच्या पुढं असेलच.

आता एक काम. मला पेट्रोलचं काही कळत नाही. आजवर फटफटीत टाकलं तेवढंच. पंपावर गेलो तर दोन प्रकार, एक साधं आणि एक जास्त भावाचं. पंपावरचा विचारतो "कोणतं?" आणि मी गुरासारखा बघत राहतो. शिवाय तिथं पाटी लावलीय की पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. म्हणजे आपल्याच उसाचं पाणी आपल्याच गाडीत. गाडी जुनी, तिला ते चालतं का? आणि लग्नाच्या धावपळीत मधेच पेट्रोल संपलं तर? घाटनांदूर-परळी रस्त्यावर रात्री-बेरात्री काय करायचं?

आपल्या घरात गाड्यांतलं कळणारे तुम्ही एकटे. तुम्हीच सांगा, तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही.

तुमचा धाकटा,
अंगद


गेवराई, २५ मार्च

चि. अंगदास आशीर्वाद.

आता कसं! इचारलंस ते बरं केलंस. अंजूला म्हणलं, बघ, शेवटी माझ्यापाशीच आला.

उघडी जीप म्हणं! ताडपत्री काय शोभंला हाय का? पर जाऊ दे. परळीच्या थर्मलच्या राखंत ऱ्हाणाऱ्यांनी आम्हाला धुळीचं सांगावं, हा बी एक जमाना.

ऐक. साधं पेट्रोल अजिबात टाकू नको. जास्त भावाचंच टाक, दर बारीला. पेट्रोलची गाडी म्हणजे लाडात वाढलेली सून, तिला साधं घातलं की ती तोंड फुगवून बसती. खिशाला कळ लागंल, लागू दे. मोटारवाला व्हायचं म्हणल्यावर कळ सोसावी लागती. त्या उसाच्या पाण्याचं मला इचारू नको, आमच्या डिझेलात असली भानगड न्हाई.

आन् रस्त्यात पेट्रोल संपायचं म्हणत होतास. त्याला इलाज माझ्यापाशी हाय. गोडेतेलाचा पांढरा प्लास्टिकचा कॅन घे, पाच लिटरचा. काठोकाठ भर. अर्धवट भरलास तर डचमळतो, आवाज करतो. बूच लावताना खाली कॅरीबॅगचा तुकडा घाल आन् घट्ट पिळ. डिकीत आडवा टाक, त्याच्यावर कायतरी अंथर, म्हणजे सरकणार न्हाई. मी जनमभर असाच कॅन बाळगला. भर उन्हाळ्यात, घाटात, वऱ्हाड कोंबून. एक थेंब सांडला न्हाई, कधी काय झालं न्हाई. अरे, मी डिझेलच्या डबड्यात बिडी इझवतो, चुर्र म्हणती आन् इझती. भ्यायचं काम न्हाई.

एवढं सगळं तुला फुकट सांगितलं. लग्नाच्या दिवशी जीप म्होरं असंल म्हणलास, ते लक्षात ठेव. म्होरं म्हणजे म्होरं. तुझ्या बंपरच्या मागं न्हाई.

परमेश्वर


घाटनांदूर, २ एप्रिल

ती. दादांना नमस्कार.

कॅन तुम्ही सांगितल्याबरहुकूम केला. गोडेतेलाचा, काठोकाठ, कॅरीबॅगसकट. डिकीत ठेवलाय. दिपाली म्हणाली, दादांचं डोकं चालतं.

पण पेट्रोलच्या बाबतीत तुम्ही मला चांगलं लुटलंत हो! चार वेळा महागडं टाकलं. मग मास्तरांनी गाडीचं पुस्तक दिलं, त्यात आणि टाकीच्या झाकणाच्या आत चक्क लिहून ठेवलंय कोणतं टाकायचं ते. साधंच. जेवढं मागितलंय त्याहून वरचं टाकलं म्हणून गाडी जास्त पळत नाही, असं गॅरेजवाला म्हणाला. वर हसला, "कुणी सांगितलं तुम्हाला?" मी तुमचं नाव सांगितलं नाही, काळजी नसावी.

इथेनॉलचंही त्यानंच बघितलं. जुनी गाडी म्हणून रबरी नळ्या तपासल्या, एक बदलली. म्हणाला, गाडी वापरात ठेवा, टाकीत महिनोन्महिने तेच पेट्रोल पडून राहू देऊ नका, ते हवेतलं पाणी धरतं. बाकी चालू द्या.

आता मुख्य गोष्ट. लिहायला हात रेटत नाही, पण लिहितो.

आपल्या घरची लेक सासरी जाते ती आजोबांच्या काळ्या घोंगड्यावर बसून. मुंजाजी आजोबांनी स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचं विणवून घेतलेलं. ते घोंगडं पहिल्यापासून तुमच्या जीपमध्ये असतं, कारण पोरी जीपमधून जायच्या. या वेळी राजनंदिनी कारमधून जाणार. वच्छलावहिनी म्हणाल्या, माझी लेक घोंगड्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. तेव्हा दादा, ते घोंगडं तेवढं पाठवून द्या. लग्न झालं की परत तुमच्या जीपमध्ये.

लग्न रविवारी, २० एप्रिलला. वहिनींना घेऊन दोन दिवस आधी या.

अंगद


गेवराई, ९ एप्रिल

अंगद,

आशीर्वाद या बारीला न्हाई.

घोंगडं माग, म्हणलं आज ना उद्या मागशीलच. पोर नेली, मान नेला, म्होरं जायचं नेलं, आता जीपमधलं घोंगडंबी ने. जीपचं स्टिअरिंग काढून धाडू का? कारच्या काचेला टांगायला चांगलं दिसंल.

मी ते घोंगडं कधी अंगावर घेतलं न्हाई. माघात, दात वाजत असताना, गाडीतच झोपलेलो असताना, न्हाई घेतलं. पोरींचं हाय म्हणून. दर दसऱ्याला झटकून, उन्हात घालून, लिंबाचा पाला घालून घडी केली. अंजूला हात लावू दिला न्हाई. आन् ते आता तुझ्या मऊ शीटवर पडणार, सेंटचा वास घेत.

महागड्या पेट्रोलचं म्हणलास. गॅरेजवाल्याला इचारायचं होतं तर मला कशाला इचारलंस?

घोंगडं उद्याच्या आंबाजोगाई बसमधी कंडक्टरच्या हाती देतोय. उतरून घे. मी लग्नाला येत न्हाई. धोंडीरामदादाला सांग, जीपचा क्लच गेलाय. क्लच गेलेला न्हाई, हे तुला सांगतोय, त्याला न्हाई. फोन करू नको, आन् मी केला तर उचलू नको.

परमेश्वर


घाटनांदूर, २२ एप्रिल

परमेश्वरराव,

यापुढे दादा म्हणणं मला जमेल असं वाटत नाही.

तुम्ही जळता हे सगळ्या भावकीला माहीत होतं. हसण्यावारी नेत होतो. पण माणूस इतका जळावा?

गाडी फुलांनी सजवून मांडवाच्या तोंडाशी उभी. पोर रडून रडून बेजार, बापाच्या गळ्यात. परळीची मंडळी घाई करतायत. वच्छलावहिनी निरांजनाचं ताट घेऊन, कापूर पेटवून गाडी ओवाळायला निघाल्या, पुढून ओवाळलं आणि मागं डिकीकडं वळल्या. तेवढ्यात तुमची जीप धुरळा उडवत आली. आम्हाला वाटलं, आला! शेवटी आला! धोंडीरामदादाच्या डोळ्यांत पाणी आलं हो. तो दोन पावलं पुढं झाला तुम्हाला मिठी मारायला.

आणि तुम्ही काय केलंत? त्याच्याकडं बघितलं नाही. वहिनींच्या हातातलं ताट हिसकलं आणि लांब मातीत भिरकावलं. लेकीच्या पाठवणीचं निरांजन मातीत! मग डिकी उघडलीत, घोंगडं ओढलंत, कॅन उचललात, त्याखालची चटईसुद्धा फेकलीत, आणि घोंगडं-कॅन दोन्ही जीपमध्ये टाकून निघून गेलात. तोंडातून एक शब्द नाही. धोंडीरामदादा मागून ओरडला, "अरे जळकुकड्या, पोरीचं तरी बघ!" तुम्ही मागं वळून पाहिलं नाहीत.

दिलेलं घोंगडं परत न्यायला चार तास गाडी मारत आलात! आणि तो पाच लिटरचा कॅन? त्यातलं पेट्रोल तरी माझं होतं.

राजनंदिनी उघड्या शीटवर बसून गेली. आपल्या घरातली पहिली. तिची सासू तिथंच बोलली, "चुलत्यानं अपशकुन केला." पोरीला हे जन्मभर ऐकावं लागणार.

त्या दिवशी सकाळपासून तुमचे फोन येत होते. स्क्रीनवर तुमचं नाव दिसत होतं, वाजत राहू दिलं. तुम्हीच लिहिलं होतं ना, उचलू नको म्हणून? वाटलं, लग्नाच्या दिवशीही भांडायचंय यांना. धोंडीरामदादालाही मीच म्हणालो, उचलू नको. बरं झालं उचलला नाही.

तुमची आमची वाट इथून वेगळी.

अंगद


गेवराई, २६ एप्रिल

अंगद,

घोंगडं नेलं. हो, नेलं. ताट फेकलं. तेबी फेकलं.

तुझ्या मांडवाच्या मागं ती चटई पडली असंल, न्हाईतर कुत्र्यानं ओढून नेली असंल. सापडली तर तिचा वास घे. चुलीपाशी नेऊन घेऊ नको. लांब उभा राहून घे.



परमेश्वर


घाटनांदूर, ३ मे

ती. परमेश्वरदादांच्या चरणी साष्टांग दंडवत.

चटई सापडली. मांडवाचे बांबू सोडवणाऱ्यांनी ती गोठ्यामागच्या काट्यांवर टाकली होती. इतके दिवस उन्हात पडून, तरी हातात घेतली आणि पेट्रोलचा वास आलाच. खालून सगळी पेट्रोलनं भिजून, कडक होऊन, रंग उडालेला. मग डिकीत डोकं घातलं. तळाला ओघळ होता, कोपऱ्यात, जिथं कॅन आडवा ठेवला होता तिथं.

 दिपालीला बोलावून तो ओघळ दाखवला.

दादा, वास मला लग्नाच्या आधीपासून येत होता. खरं सांगतो. पण मला वाटलं, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास यायचाच. सजवणाऱ्या पोरांनी गुलाबपाणी मारलं, मग तोही मिसळला. तो कॅन दोन-अडीच आठवडे बंद डिकीत, एप्रिलच्या उन्हात. आणि घोंगडं मीच त्याच्यावर अंथरलं होतं, तुम्ही म्हणालात ना सरकू नये म्हणून कायतरी अंथर. तेच ओलं घोंगडं काढून पोरीच्या खाली घालणार होतो, आणि वहिनी त्याच डिकीसमोर पेटता कापूर घेऊन आल्या होत्या. आजवर जीपलाही मागून असंच ओवाळायचे. कधी काही झालं नाही, म्हणून कुणाच्या मनात आलंच नाही.



आकितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राजनंदिनी माहेरी आलीय. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गाडीत बसल्यावर सुद्धा डोकं दुखत होतं, म्हणून मी काच खाली केली. सासूबाई म्हणाल्या एसी आहे की." मग म्हणाली, "म्हणजे जीपकाका आले म्हणून मी आहे." धोंडीरामदादा उठून गोठ्यात गेला. त्याचं रडणं घरात ऐकू येत होतं.

पण दादा, तोंड का शिवून घेतलंत? एक शब्द बोलला असतात, "पेट्रोल सांडलंय." सगळ्यांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं. उलट शिव्या खाल्ल्यात आणि मुकाट गेलात. मी काय काय लिहून बसलो! ते पत्र फाडा. हात जोडतो, फाडा.

एक विचारू? रागावू नका. कॅनचं तुम्हीच सांगितलं होतं. दिपाली म्हणते विचारू नका. पण मनात येऊन गेलं, म्हणून मनात ठेवत नाही.

राजनंदिनी १२ तारखेला परत परळीला जाणार आहे. तिचा हट्ट आहे, आता घोंगड्यावर बसूनच जाईन, आणि जीपकाकाच नेतील. सासरच्यांना तिनं स्वतः फोन करून सगळं सांगितलं. तिच्या सासूचा मग फोन आला, तुमचा नंबर मागत होत्या. जीप आणा नाहीतर माझी कार घ्या, पण गाडी तुम्ही चालवा. मी मागं वऱ्हाडात बसेन, बंपरच्याही मागं.

तुमचा,
अंगद


गेवराई, ७ मे

चि. अंगदास अनेक आशीर्वाद. मागचा ऱ्हायलेला धरून.

आधी तुझ्या सवालाचं. इचारलंस ते बेस केलंस. मनात ठेवलं असतंस तर ते बी त्या कॅनसारखंच झिरपलं असतं.

महागडं पेट्रोल टाक म्हणलो ते मुद्दाम. तुझ्या खिशाला कळ लागावी म्हणून. नीट वाच, मुद्दाम. तवा माझं पोट दुखत होतं. कॅनचं मात्र खंडोबाची आण घेऊन सांगतो, मुद्दाम न्हाई. मला ठावकीच नव्हतं. सगळी हयात डिझेलमधी काढली, आन् पेट्रोल बी त्याचंच भावंड असंल असं धरून चाललो. तू इचारलंस, आन् "मला ठावं न्हाई" एवढं तुझ्याम्होरं म्हणवलं न्हाई. दारात कार उभी असलेल्या धाकट्याला मी 'ठावं न्हाई' म्हणू? जीभ वळंना.

आता त्या दिवसाचं. सकाळी मी गेवराईच्या फाट्यावर चहाच्या गाड्यापाशी रुसून बसलतो. एक वाळूच्या ट्रॅक्टरवरचा पोऱ्या फटफटीत बाटलीतनं पेट्रोल वतत होता. चहावाल्याचा स्टोव्ह तिथनं चांगला लांब. मी म्हणलं, काय होतंय, लांब हाय. आन् डोळ्यादेखत आग जमिनीवरनं पळत गेली. स्टोव्हाकडनं बाटलीकडं! कुणी काडी टाकली न्हाई, ठिणगी उडाली न्हाई. पोऱ्याचा हात कोपरापतुर भाजला. मातीत लोळवून इझवलं, दवाखान्यात धाडलं.

पंपावरच्या माणसाला इचारलं, हे झालं कसं? तो म्हणला, पेट्रोल जळत न्हाई मामा, त्याची वाफ जळती. दिसत न्हाई, हवंपेक्षा जड असती, जमिनीसरशी पसरती, आन् जाळ गावला की मागं पळत येती. मी म्हणलं, प्लास्टिकच्या कॅनमधी असंल तर? तर तो खेकसलाच. काठोकाठ भरलं की उन्हात फुगतं, बुचातनं येतं, आन् गोडेतेलाचा कॅन त्याला टिकत न्हाई. बंद डिकीत तर बोलूच नका. न्यायचंच असलं तर पेट्रोलसाठीच केलेला डबा, वर जागा रिकामी, आन् भरायचा तो जमिनीवर ठेवून, गाडीत न्हाई. त्यापरीस टाकी येळंवर भरा म्हणला, कॅन हवाच कशाला?

 डोळ्याम्होरं तुझी डिकी, माझं घोंगडं, आन् वच्छलावहिनीचं ताट. मीच सांगितलेलं सगळं, काठोकाठ, कॅरीबॅगसकट.

तुला फोन लावले. धोंडीरामदादाला लावले. दिपालीचा बंद. मीच लिवलतं उचलू नको म्हणून, तू लेकानं नेमकं तेवढंच ऐकलंस! मग गाडीत बसलो. मांजरसुंब्याच्या घाटात खिशातली बिडी-काडीपेटी खाली भिरकावली, म्हणलं आज हात तिकडं जाऊच नये.

तोंड कावून शिवलं म्हणतोस. अरे, लेकीच्या पाठवणीच्या घडीला, भरल्या मांडवात, सासरच्यांम्होरं "गाडी पेटंल" असा शब्द काढायचा? आपल्याकडं सासरी निघालेल्या पोरीसमोर चूल इझली असंबी म्हणत न्हाईत, इतकं जपत्यात. मी तो शब्द तिच्या म्होरं काढला असता तर तो तिच्या मागं लागला असता. जळकुकडा म्हणून घेतलं ते परवडलं. ते काय खोटं न्हाईच.

कॅन आंबाजोगाईच्या अलीकडं पंपावर नेला. जीप लांब उभी केली, इंजिन बंद, आन् त्यांच्या हवाली केला. घोंगडं रिठ्याच्या पाण्यात भिजवलं, गोदावरीच्या पाण्यात धुतलं, परत भिजवलं. दोरीवर वाऱ्याला टांगलं, चुलीपासनं लांब. अंजू राखण करत बसली, कुणी बिडी ओढत आलं की दगड उचलायची. आता वास न्हाई. मी रोज नाक लावून बघतो. लोकरीचा वास परत आलाय, मेंढरांचा, आज्याच्या वाड्यासारखा.

राजनंदिनीला सांग, जीपकाका येणार. पर जीप आणत न्हाई. उन्हाचं दिवस हायत, ताडपत्रीखाली पोर भाजंल, आन् तिची सासू बरोबरच बोलली होती, हे मी कुणाला सांगितलं म्हणू नको. तुझीच कार चालवीन. पोट दुखायचं ते दुखंल. तुझ्या कारचा दरवाजा लावला की 'धप्प' असा जो आवाज येतो म्हणं, अंजूला कुणीतरी सांगितलं, तेवढं ऐकून मला झोप लागली न्हाई. माझी जीप टिनपाटावाणी वाजती. हे दुखणं काय एका पत्रानं जात न्हाई, मरंस्तवर ऱ्हाईल. तू त्याच्याकडं ध्यान देऊ नको.

वहिनीला म्हणावं, ओवाळायचं ते पोरीला ओवाळा, घरात, उंबऱ्याच्या आत. गाडीला हळद-कुंकू लावा, नारळ फोडा, कापूर नको. टाकी मी येऊन भरीन. पंपावर, इंजिन बंद करून, पोरीला आधी खाली उतरवून. साधंच पेट्रोल, झाकणावर लिवलंय ते. आन् तू मागं-बिगं बसू नको, माझ्या शेजारी बस. मला त्या गाडीतली बटणं कळायची न्हाईत आन् मी कुणाला इचारणारबी न्हाई, तूच आपलं आपलं दाबत जा.

आन् एक. मी आलो की चावी माझ्या हातात देऊ नको. हातात दिलीस तर मला ती घेणं व्हायचं न्हाई, ओळखतोस तू मला. ओसरीतल्या खुंटीला अडकव आन् आत निघून जा. मी माझ्या हातानं काढून घेईन.

परमेश्वरदादा